इंग्रजीच्या तासाला मुलांना बोलू द्या

महोदय,

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरीही दहावी झालेली कितीतरी मुलं इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की गप्प होतात. दोष मुलांचा नाही, शिकवण्याचा आहे. बाई धडा वाचतात, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतात, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहितात आणि मुलं ती उतरवून घेतात. अख्ख्या तासात मुलांच्या तोंडून स्वतःचं एकही इंग्रजी वाक्य निघत नाही.

पाचवीच्या वर्गात जोड्या लावून पाहा. एकीकडे बाजाराचं चित्र, दुसरीकडे तेच चित्र, पण चार-पाच फरक असलेलं. चित्र न दाखवता, फक्त इंग्रजीत विचारून फरक शोधायचे. ‘हाऊ मेनी मँगोज?’, ‘इज देअर अ डॉग?’ अशी विचारणा सुरू होते. लाजरी मुलंसुद्धा बोलतात, कारण त्यांना उत्तर खरोखरच हवं असतं. चुका मध्येच तोडून सुधारू नयेत, खेळ संपल्यावर फळ्यावर घ्याव्यात. पहिली-दुसरीत तर आधी नुसतं ऐकून कृती करू द्यावी: ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी मांडलेल्या या पद्धतीला खडूचाही खर्च नाही.

मराठीला वर्गाबाहेर काढा, असं मी मुळीच म्हणत नाही. व्याकरणातला गुंता मराठीतूनच चटकन सुटतो.

दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण मात्र शाळाच देते आणि ते अनेकदा सढळ हातानं वाटले जातात. शिक्षण मंडळानं ही परीक्षा बाहेरच्या परीक्षकांकडून घ्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा