शनिवारचा सिनेमा : ‘अ हायजॅकिंग’

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता, धरमपेठेतल्या आपल्या नेहमीच्या हॉलवर तोबियास लिंडहोल्म यांचा २०१२ सालचा डॅनिश सिनेमा दाखवत आहोत. सोमाली चाचे एक मालवाहू जहाज ताब्यात घेतात. प्रत्यक्ष कब्जा पडद्यावर दिसतच नाही. खरा ताण आहे तो फोनवरच्या घासाघिशीत. चाच्यांची मागणी दीड कोटी डॉलरची, कंपनीचं पहिलं उत्तर अडीच लाखांचं. तज्ज्ञ ‘नको’ म्हणत असताना कंपनीचा सीईओ स्वतःच बोलणी करायला बसतो, आणि तिकडे जहाजावरचा आचारी दिवसेंदिवस खचत जातो. वाटाघाटींच्या सल्लागाराची भूमिका केलेला माणूस खऱ्या आयुष्यातही हेच काम करणारा. चित्रीकरण झालं तेही पूर्वी खरोखर चाच्यांच्या ताब्यात गेलेल्या जहाजावर!

मारधाडीच्या अपेक्षेने येणाऱ्यांची निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

संवाद डॅनिश-इंग्रजीत, सबटायटल्स इंग्रजी. चष्मेवाल्यांनी पुढच्या रांगा धराव्या. सिनेमात शांतता फार आहे, म्हणून मोठा कूलर बंद ठेवू. गर्मी होईल, पाण्याची बाटली आणा. मोबाईल बंद म्हणजे बंद, व्हायब्रेटवर नाही. लहान मुलांना आणू नका. पाहिलेल्यांनी शेवट सांगू नये, ग्रुपवर तर नाहीच.

नंतर अर्धा तास चर्चा. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने सोमाली चाच्यांच्या ताब्यातल्या ‘रुएन’ जहाजावरच्या १७ जणांना सोडवलं, त्यावरही बोलू.

मेट्रोने येणाऱ्यांना शंकरनगर चौक स्टेशन सोयीचं. पाहुणा आणायचा असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.

– कार्यवाह