शाल-श्रीफळ झाले, चार्ज कोणी घेतला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकात पान तीनवर साधना केंद्राच्या, म्हणजे लोक मौन आणि प्रार्थनेसाठी येऊन राहतात त्या कॅथलिक केंद्राच्या, संचालकबदलाची बातमी वाचली. फोटो छान आला आहे. मावळते फादर, नवे फादर, मध्ये बिशप, शाल, श्रीफळ, कुंडीतले रोप. अल्पोपाहार झाल्याचीही नोंद आपल्या वार्ताहराने घेतली, धन्यवाद. केंद्राचा चार्ज कोणी कोणाकडून, कशावर सही करून घेतला हे मात्र बातमीत नाही. बहुधा समारंभातही नसावे.

बदली झाली याबद्दल तक्रार नाही. धर्मगुरू मुदतीवर येतात आणि मुदत संपली की जातात. तक्रार आहे ती बदली करण्याच्या रीतीबद्दल, आणि मागच्या खेपेस जे घडले ते सगळे सोयीस्करपणे विसरले आहेत म्हणून हे पत्र.

मागच्या बदलीचा आदेश आला तेव्हा केंद्रात तीस दिवसांची रिट्रीट, म्हणजे मौनातली प्रार्थनासाधना, चालू होती. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेल्या या साधनेचे चार टप्पे. त्यांना आठवडे म्हणतात, पण ते सात दिवसांचेच असतात असे नाही. पहिल्यात पाप आणि क्षमा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन, तिसऱ्यात दुःखसहन, चौथ्यात पुनरुत्थान. मध्ये एखादा विश्रांतीचा दिवस. रोज तासातासाच्या चार-पाच प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली उपासना), मार्गदर्शकाबरोबर पाऊण तासाची एक भेट, आणि उरलेला वेळ मौन. सगळी मदार त्या पाऊण तासावर. आज प्रार्थनेत काय झाले हे ऐकूनच उद्याचा बायबलमधला उतारा ठरतो. कोणी तीन दिवस कोरडे बसले असेल तर त्याला पुढे ढकलायचे नाही, तिथेच थांबवायचे. कोणी भारावून जाऊन तडकाफडकी व्रत घ्यायला निघाले तर त्याला आवरायचे. हे इग्नेशियसने स्वतः मार्गदर्शकांसाठी लिहून ठेवले आहे. म्हणून एका मार्गदर्शकाकडे पाच-सहा जणच देतात. सहा जणांचे साडेचार तास होतात, त्यापुढे माणसाचे कान काम करत नाहीत.

तेव्हाचे मावळते संचालक स्वतः सहा जणांना मार्गदर्शन करत होते. दुसरा टप्पा चालू होता, म्हणजे नेमका निर्णयाचा काळ. मठात राहायचे की बाहेर पडायचे, धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायची की नाही, असले प्रश्न याच टप्प्यावर सुटतात किंवा चिघळतात. आदेश संध्याकाळी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून फादर निघाले. आज्ञापालन म्हणजे आज्ञापालन! नवे संचालक भले गृहस्थ, पण त्यांचा सगळा अनुभव वसतिगृह चालवण्याचा. त्यांनी ते सहा जण दुसऱ्या मार्गदर्शकाच्या सहा जणांत मिसळून टाकले. बारा जणांना पाऊण-पाऊण तास द्यायचा तर नऊ तास लागतात, ते शक्यच नव्हते. म्हणून भेट पंधरा मिनिटांवर आली. पंधरा मिनिटांत 'कसं चाललंय?' आणि 'बरं चाललंय' याच्या पुढे गाडी जात नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सकाळ-संध्याकाळ सामुदायिक प्रवचन सुरू केले. प्रवचनांची रिट्रीट वाईट नसते, धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या परिसरातल्या) शनिवार-रविवारच्या शिबिराला ती उत्तम. पण हे म्हणजे बाळंतपण चालू असताना सुईण बदलायची आणि नव्या सुईणीने भजन सुरू करायचे.

त्याहून वाईट प्रकार वहीचा. मार्गदर्शक रोजच्या भेटीनंतर दोन-चार ओळी टिपून ठेवतात. ती टिपणे त्यांच्यापुरती असतात आणि जाण्यापूर्वी त्यांनीच ती नष्ट करायची असतात. नव्या मार्गदर्शकाला काय सांगायचे आणि काय नाही, हे साधक स्वतः ठरवतो. इथे रातोरात सामान आवरताना वही ऑफिसच्या खणात राहिली. दुसऱ्या दिवशी क्लार्कने सामानाची यादी केली, तीत 'टेबलफॅन, दोन नग' याच्या खाली 'वही, काळी, एक नग' अशी नोंद झाली. सहा माणसांचे अंतःकरण स्टॉकमध्ये जमा! कोणी उघडली नाही म्हणतात. उघडली नसेलही.

आता चार्ज कसा घ्यायचा हे कोणाला माहीत नाही असे थोडेच आहे? कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेतला 1283 वा नियम पाहावा. कारभार हाती घेण्याआधी शपथ, मग स्थावर-जंगम मालमत्तेची वर्णन आणि किमतीसह यादी, त्यावर सही, एक प्रत केंद्राच्या दप्तरात आणि दुसरी बिशपांच्या कार्यालयात. संचालक ट्रस्टीही असतील तर बदल झाल्यापासून 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची नोंद, द्यावा लागतो. तो रखडला की परिशिष्ट एकवर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीत, जुनेच नाव राहते, बँक नवी सही घ्यायला खळखळ करते, आणि ज्यांच्या सहीने चेक निघतो ते फादर भलत्याच जिल्ह्यात असतात. मग स्वयंपाकिणीचा पगार आणि गॅसच्या सिलिंडरचे पैसे नवे संचालक खिशातून भरतात आणि वर्षअखेरीस ऑडिटरपुढे हात जोडून उभे राहतात.

मागच्या खेपेस बुकिंगच्या रजिस्टरचे काय झाले ते तर विचारूच नका. तिथे जुनी पद्धत अशी, की फोनवर मागितलेल्या तारखा पेन्सिलने लिहायच्या आणि आगाऊ रक्कम आली की शाईने गिरवायच्या. पद्धत चांगली आहे, पण ती रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलेली नाही, तेव्हाच्या मावळत्या फादरांच्या डोक्यात होती. सिस्टर लोकांच्या आठ दिवसांच्या मौनाच्या तारखा पेन्सिलीत होत्या, कारण त्यांच्या मठाचा चेक नेहमी शेवटच्या आठवड्यात येतो. नव्या कारभारात फक्त शाईच्या नोंदी संगणकावर चढल्या आणि त्याच आठवड्यात युवा शिबिर घेतले गेले, कीबोर्ड आणि दोन मोठ्या स्पीकरांसह. सिस्टर मौनात, शिबिर मैदानात. दोष पोरांचा नाही, त्यांनी पैसे भरले होते.

यावर साधा उपाय आहे. बदल्या मे-जूनमध्ये होतात त्या शाळांच्या सोयीसाठी. साधना केंद्राचा हंगामही नेमका तोच. सुट्टी असते म्हणून फादर-सिस्टर वार्षिक रिट्रीटला तेव्हाच येतात. दीक्षार्थ्यांना तर दीक्षेपूर्वी किमान पाच दिवसांची रिट्रीट नियमानेच बंधनकारक आहे, ती चुकवता येत नाही. केंद्राची बदली ऑगस्टमध्ये करा. खोल्या रिकाम्या असतात, पंधरा दिवस दोघे संचालक एकत्र राहू शकतात आणि छत कुठे गळते तेही नव्या माणसाला आपोआप कळते.

फ्रान्समधल्या तेझे येथील ख्रिस्ती मठसमुदायाचे प्रमुख ब्रदर रॉजर यांनी आपला वारस 1998 मध्येच नेमून ठेवला होता. 16 ऑगस्ट 2005 ला सायंप्रार्थनेत नव्वदीच्या रॉजर यांचा खून झाला, तरी पुढे कोण हा प्रश्न कोणाला पडला नाही. ब्रदर अलोईस तयार होते. त्यांनीही 3 डिसेंबर 2023 ला हयातीतच सूत्रे ब्रदर मॅथ्यू यांच्याकडे दिली. आपल्याकडे लोणावळ्याच्या साधना इन्स्टिट्यूटचे फादर टोनी डिमेलो 2 जून 1987 ला न्यूयॉर्कमध्ये अचानक गेले. मृत्यूची तारीख कोणाच्या हातात नसते. बदलीची असते. ती तरी सांभाळा, एवढेच मागणे आहे.

जाता जाता आपल्या वृत्तपत्राविषयी. नाताळात केक आणि वांद्रे, वांद्रे आणि केक अशी आपली पुरवणी निघते, त्याला ना नाही. पण ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत, जेव्हा ही केंद्रे ओसंडून वाहतात, तेव्हा चार ओळीही येत नाहीत. एकदम गुड फ्रायडेच्या दिवशी पहिल्या पानावर 'हार्दिक शुभेच्छा' छापता. त्या दिवशी शुभेच्छा देत नसतात, हे कोणीतरी जाहिरात विभागाला कळवावे.

आणि हो, बातमीखाली बुकिंगसाठी जो मोबाइल नंबर छापला आहे, तो केंद्राचा नाही. सिम मावळत्या फादरांच्या नावावर आहे आणि ते फोनसकट नव्या मुक्कामी गेले आहेत. काल सकाळपासून लोक त्यांनाच खोल्या मागत आहेत. दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, वसई