गुडघा बदलला, पण तो वाकतोय का हे विचारणार कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

गुडघे बदलायच्या जाहिराती हल्ली कुठेही दिसतात, दोन्ही गुडघे एकदम, तिसऱ्या दिवशी चालत घरी वगैरे, त्या बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझ्या आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला, तेव्हा तिचं वय ६८. ऑपरेशन छानच झालं, एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले एकदम परफेक्ट, टाके निघाले आणि हॉस्पिटलच्या दृष्टीने विषय संपला. घरी मात्र तिचा पाय ७० अंशाच्या पुढे वाकेचना. जिना उतरायला ९० च्या आसपास लागतो आणि बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून जास्त, हे आम्हाला तीन महिन्यांनी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, पहिल्या सहा आठवड्यांत का नाही आलात, एकदा आत चिकटलं की गुडघा सोडवणं फार अवघड जातं. डिस्चार्ज कार्डावर फक्त "फिजिओथेरपी करणे" एवढी एक ओळ, किती दिवस, कुठे, किती अंशापर्यंत, काही नाही. दुखतं म्हणून आई गुडघ्याखाली उशी घेऊन पडायची, ती उशी मीच द्यायचे, त्याने पाय पूर्ण सरळ व्हायचा राहतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या उशीचं मला अजून वाईट वाटतं.

ऑपरेशन करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या शेजारच्या काकू गुडघा बदलून रोज पहाटे फिरायला जातात. बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी ८० च्या वर २५ वर्षं टिकतात असं मोठ्या अभ्यासात दिसलंय. पण साधारण ५ पैकी १ पेशंट नंतरही दुखणं घेऊन राहतो किंवा समाधानी नसतो हेही तितकंच खरं, आणि एक्स-रेमध्ये ते दिसत नाही, त्याला पेशंटलाच विचारावं लागतं. इंग्लंडमध्ये २००९ पासून ऑपरेशनच्या आधी आणि सहा महिन्यांनी पेशंटकडून १२ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात, रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, बाजारहाट एकट्याने जमतो का, असे साधे प्रश्न. आपल्याकडे त्यात रिक्षात चढता येतं का, मांडी घालता येते का हेही घालावं, कारण आपल्या बायकांचं निम्मं आयुष्य जमिनीवर बसण्यात जातं आणि डॉक्टर आधी स्पष्ट सांगत नाहीत की मांडी बहुतेक विसरा.

२०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम गुडघ्याच्या, किमतीवर मर्यादा घातली, फार बरं केलं. आता सहा आठवडे, सहा महिने आणि एक वर्षाने पेशंटला फोन करणं आणि उत्तरं लिहून ठेवणं हॉस्पिटलांना सक्तीचं करा. ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय त्यांनी तारीख घ्यायच्या आधीच फिजिओथेरपी कोण देणार, घरी येणार का, किती पैसे हे विचारून घ्या.

आई आता ९५ अंशापर्यंत आलीय, आठ महिने रोज रडत रडत व्यायाम करून. हॉस्पिटलमधून फोन अजून आलेला नाही.

— एक वाचक, सातारा