माशाला तीनच वचनं

बाई, सप्रेम नमस्कार.

मुलांना सांगायच्या बायबलमधल्या गोष्टींच्या आमच्या संहिता तुम्ही पेन्सिल घेऊन वाचल्यात, त्याबद्दल हे जाहीर आभार. पात्रं, स्थळकाळ, पेच, कळस, शेवट हे सगळं आम्हाला तोंडपाठ होतं. कुठल्या गोष्टीत कशावर भार द्यायचा, ते तुमच्या खुणांमुळे कळलं.

योना या संदेष्ट्याचंच घ्या. देव त्याला निनवे शहरात पाठवतो, तो उलट तार्शीशकडे पळतो आणि वाटेत मासा त्याला गिळतो. चार अध्याय, ४८ वचनं (क्रमांक दिलेली वाक्यं), आणि मासा जेमतेम तीन वचनांत. आमची निम्मी गोष्ट मात्र माशाच्या पोटात! खरा पेच असा, की निनवेला क्षमा मिळायला योनाला नको आहे, आणि हे तो थेट चौथ्या अध्यायात कबूल करतो. तो अध्याय गाळला की त्याचं तार्शीशकडे पळणं नुसता भित्रेपणा वाटतं.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत तुमची पेन्सिल सगळ्यात जास्त चालली. बापाची संपत्ती उधळून कंगाल झालेला धाकटा मुलगा परतण्याआधी तीन वाक्यं जुळवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. बापासमोर दोनच होतात. तिसऱ्याच्या आत बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. आम्ही नीटनेटकेपणाच्या हौसेने तिन्ही वाक्यं पुन्हा घातली होती. तुम्ही तिसरं खोडलंत, आणि बापाच्या मायेवरचा आमचा परिच्छेद आपोआप गळला. घरीच राहिलेला थोरला भाऊ रुसून आत येत नाही; तो म्हणतो ‘हा तुमचा मुलगा’, बाप म्हणतो ‘हा तुझा भाऊ’. इथे आवाज चढवायचा नाही, ‘तुझा’वर किंचित रेंगाळायचं.

देवाच्या सांगण्यावरून मुलगा इसहाकाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाच्या डोळ्यांत आम्ही पाणी आणलं होतं. मुळात ते नाही. तिथे ‘ते दोघे बरोबर चालले’ हे दोनदा येतं आणि मधे इसहाकाचा प्रश्न: विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठे आहे? आता दोन्ही वेळा तेच शब्द, त्याच लयीत. दुसऱ्यांदा ते जड होतात.

योनाची गोष्ट देवाच्या प्रश्नावर संपते, आणि थोरला भाऊ आत गेला की नाही हे ती गोष्ट लिहिणारा लूक सांगतच नाही. दोन्हींखालचं ‘तात्पर्य’ काढलं आहे.

एकच गोष्ट पटलेली नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याच्याच पापाची गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून सांगतो; तिच्यातल्या ‘तो मनुष्य तूच आहेस’च्या आधी तुम्ही मोठा विराम सुचवलात. आम्हाला वाटतं, दावीद संतापून निवाडा देतो ना देतो तोच हे वाक्य यावं. थांबलं की मुलं आधीच ओळखतात. सुधारलेल्या प्रती पाठवत आहोत. नाथानच्या पानाला समास जरा रुंद ठेवला आहे.

आपले,
गोष्टी सांगणारे आम्ही सगळे