डिस्चार्ज दिला, पण कुठे?

महोदय,

डिसेंबर लागला की फूटपाथवर ब्लँकेटे वाटतानाची छायाचित्रे छापून येतात. वाटणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही, पण मुंबईत थंडी ती केवढी! इथे रस्त्यावरच्या माणसाचे हाल होतात ते जून ते सप्टेंबरमध्ये. पायांना चिखल्या, चिघळलेल्या जखमा, भिजून पीठ झालेल्या गोळ्या. मी या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात परिचारिका होते. निवृत्तीनंतर आम्ही काही जणी ड्रेसिंगची पेटी घेऊन परळ-दादरकडच्या पुलांखाली जातो. तिथे जे दिसते त्यावरून लिहिते आहे.

बाजारात पाट्या वाहणारा चाळिशीतला एक गडी. टेम्पोचा धक्का लागून मांडीचे हाड मोडलेले. रॉड उत्तम बसवला होता, ऑपरेशनला नाव ठेवायला जागा नाही. कार्डावर लिहिले होते : पायावर भार देऊ नये, जखम कोरडी ठेवावी, पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवावे. पुलाखाली! भार न देता हा शौचालयापर्यंत जाणार कसा आणि तिथले पैसे आणणार कुठून? त्यात एके सकाळी पालिकेची गाडी येऊन त्याचे बोचके उचलून गेली. त्यातच एक्स-रे, गोळ्या आणि आधार कार्ड. ‘‘सिस्टर, आता मला केसपेपर कोण काढून देणार?’’ एवढेच त्याने विचारले.

निवाऱ्यात का नाही पाठवले, असे कोणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती आणि ५७ हजारांहून अधिक माणसे बेघर. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत; आपण त्याच्या जवळपासही नाही. शिवाय मला माहीत असलेल्या निवाऱ्यांत स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यालाच घेतात. त्यांचाही दोष नाही. रात्री एकटा काळजीवाहक, तो बेडपॅन देणार की दार सांभाळणार?

टीबीचे तसेच. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या. पोषणासाठी सरकार दरमहा हजार रुपये देते, पण ते बँक खात्यात. खात्याला कागद हवेत, आणि कागद त्या बोचक्याबरोबर गेलेले. बायकांचे तर विचारूच नका. कित्येक जणी रात्रभर जागतात आणि उजाडल्यावर स्टेशनच्या आसपास, चार माणसांच्या नजरेत झोपतात. आपण सकाळी लोकल पकडताना त्यांना आळशी म्हणून पुढे जातो.

हे जमणारे नाही, असे मला वाटत नाही. मतदार यादीत नाव घालायला बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. निवडणूक आयोगाच्या नियमाने मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन तो बेघर तिथेच झोपतो ना, हे पाहतो. मतासाठी माणूस रात्री पुलाखाली जाऊ शकतो, तर पट्टी बदलायला का नाही?

माझे मागणे मोठे नाही. बेघर रुग्णाला सोडण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवकाने निवाऱ्याशी बोलून जागा पक्की करावी आणि त्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही होऊ नये. पालिकेच्या प्रत्येक वॉर्डातल्या एका निवाऱ्यात ऑपरेशननंतरच्या रुग्णांसाठी आठ-दहा खाटा आणि एक आया असावी. आरोग्य केंद्राचा तोच माणूस, ठरलेल्या वारी, त्याच पुलाखाली जावा. माणूस दर वेळी बदलला की ही मंडळी बोलत नाहीत. ओळख पटल्यावरच खरे नाव सांगतात. आणि बोचके उचलणाऱ्यांना निदान एवढे सांगावे, की औषधे आणि कागद बाजूला काढून द्या.

– एक निवृत्त परिचारिका, करी रोड, मुंबई