पोळपाटावरचा सुपरमॅन

क्लीव्हलँड, ओहायो
रविवार रात्र

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर ओमने विचारलं, "आत्या, सुपरमॅन तुमच्याकडचाच ना?" घाईत त्याला नुसतं हो म्हणाले. पण ही हकीकत खरं तर तुम्हाला सांगायची आहे, म्हणून हे पत्र.

आज इथल्या ग्लेनव्हिल वस्तीत गेले होते. किंबर्ली अव्हेन्यूवर एक साधं लाकडी घर आहे. तिथे अजून माणसं राहतात, त्यामुळे कुंपणाबाहेरच उभी राहिले. सुपरमॅन लिहिणारा जेरी सीगल या घरात वाढला. लिथुआनियातून आलेलं ज्यू कुटुंब, वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान. जून 1932 मध्ये दुकानात चोर शिरले आणि तेव्हा वडील कोसळले ते गेलेच. जेरी तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढच्याच जानेवारीत त्याने आपल्या हाताने काढलेल्या सायक्लोस्टाइल मासिकात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरलं, तेही एका टकल्या खलनायकासाठी! मग विचार बदलला आणि त्याचा नायक झाला, ज्याच्या अंगात गोळी शिरत नाही असा. बाप असा गेलेल्या पोराला दुसरं काय सुचणार, असं मला त्या घरासमोर सारखं वाटत होतं.

चित्रं काढायचा त्याचा शाळेतला मित्र ज्यो शुस्टर. त्याची नजर अधू, भिंगाचा जाड चष्मा. घरात शेगडी पेटवायलाही पैसे नसायचे, म्हणून हातमोजे आणि दोन-तीन स्वेटर घालून बसायचा. आणि बाबा, चित्रं काढायची फळी कुठली होती ठाऊक आहे? त्याच्या आईची, पावाचं पीठ मळायची. शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, पाव करायचा असला की आई फळी मागायची आणि ज्योचं काम थांबायचं. आईला हे नक्की वाचून दाखवा. तुम्ही तिच्या पोळपाटावर कागद ठेवून अक्षरांचे नमुने काढायचात आणि ती कणिक भिजवून खोळंबून राहायची, ते तिला आठवेल.

त्यांचा पहिला सुपरमॅन उडत नव्हता. एका उडीत दोनेकशे मीटर जायचा, बस. उडणं पुढे रेडिओ आणि कार्टूनपटांनी दिलं, त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइटही 1943 साली रेडिओवरच आलं. मला तो पहिलाच जास्त आवडतो. मंदीचे दिवस होते, आणि तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला, लाचखोर पुढाऱ्याला, मजुरांच्या जिवाची पर्वा नसलेल्या खाणमालकाला धरायचा. त्या गल्लीतल्या माणसांना रोज भेटणारीच ही मंडळी.

आता मुख्य गोष्ट. वर्षानुवर्षं नकार खाल्ल्यावर 1938 साली तेरा पानांची गोष्ट एका प्रकाशकाने घेतली. पानाला दहा डॉलर, म्हणजे दोघांत मिळून 130 डॉलर, आणि त्यात सगळे हक्क लिहून दिले. जूनच्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन डोक्यावर मोटार उचलून उभा राहिला. लाखांनी अंक खपायला लागले. 1947 मध्ये हक्कांसाठी दोघं कोर्टात गेले. हक्क तर मिळाले नाहीतच, प्रकाशकाने चित्रकथेवरची त्यांची नावंही काढून टाकली. ज्योची दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि जगभर ओळखलं जाणारं त्याचं पात्र छापलं जात होतं, त्याच्या नावाशिवाय.

इथे मला तुम्ही आठवलात. बाजारपेठेतल्या त्या कापडदुकानाचा बोर्ड तुम्ही चार रात्री जागून रंगवलात आणि मालकाने कोपऱ्यातली तुमची सही पुसायला लावली. पैसे पूर्ण दिले होते, तरी तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मी तेव्हा लहान होते, एवढं काय त्यात असं वाटलं होतं.

जेरी-ज्यो मात्र गप्प बसले नाहीत. जेरीने 1975 साली वर्तमानपत्रांना खरमरीत पत्र पाठवलं, नामवंत व्यंगचित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि कंपनीला दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि नावं परत द्यावी लागली. 1978 च्या सिनेमात ती पडद्यावर आली. तेव्हा दोघं साठी ओलांडलेले होते.

घरावरच्या फलकाचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवलाय. अक्षरांची ठेवण बघा आणि कशी वाटली ते कळवा. स्टँडजवळच्या रसवंतीचा तुमचा बोर्ड अजून आहे ना? दादाला त्याचा फोटो काढायला सांगा, कोपऱ्यातली सही नीट वाचता येईल असा. माझ्या टेबलावर लावायचा आहे.

आईला नमस्कार, ओमला पापा.

तुमची,
मनू