ठेव मोडू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मी ठेव मोडतो, पण धंदा एकदाचा सुरू कर." तेव्हा पटकन बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. ठेव मोडायची नाही. आणि कपड्यांचं दुकानही मी काढत नाहीये.

हो, ज्याच्यावरून वर्षभर तुमचं डोकं खाल्लं तेच दुकान. वहीत आकडे मांडले आणि तिथेच ते बसलं. एक नमुना घ्या: 5 मापं, 4 रंग, म्हणजे 20 नग. मधली मापं भराभर जातात. उरतात अगदी लहान, अगदी मोठी, आणि तो रंग जो फक्त मलाच आवडला होता. नफा त्या उरलेल्या नगांतच अडकून बसतो. मग सूट द्या. 100ला घेतलेली वस्तू 125ला विकली की वाटतं 25 सुटले. त्यावर 10 टक्के सूट दिली तर सुटतात साडेबारा. सूट दहा टक्क्यांची, नफा निम्मा! तेवढेच पैसे उभे करायला दुप्पट माल विकायचा, आणि भाडं त्यातूनच द्यायचं.

"मग काय करणार?" आई, तुझा प्रश्न इथवर ऐकू आला. दुरुस्ती. उसवलेलं, घट्ट झालेलं, चेन गेलेलं. कापड गिऱ्हाईकच घेऊन येतं. माझा माल म्हणजे दोऱ्याची रिळं, बटणं, चेनचे रनर. फॅशन बदलली तरी माझं बुडायला तिथे काही नाही.

सहा रविवार ऑफिसातल्या लोकांची कामं करून बघितली, पैसे घेऊन. (फुकट केली असती तर सगळ्यांनी कौतुक केलं असतं आणि मला काहीच कळलं नसतं.) प्रत्येक कामाची मिनिटं टिपून ठेवली. पँटची लांबी कमी करायला 25 मिनिटं, अंदाजाप्रमाणे. जाकिटाची चेन मात्र 20 मिनिटांत होईल म्हटलं होतं, तिला 70 लागली. उसवण्यातच जीव गेला. पुढचं जाकीट आलं तेव्हा आधी नीट बघितलं: दात सगळे शाबूत, नुसता रनर झिजून सैल झालेला, म्हणून चेन लावली की मागून उघडत होती. रनर बदलला, दहा मिनिटांत काम झालं. आता रनर बघितल्याशिवाय मी कात्रीला हातच लावत नाही.

आणखी एक कळलं. दिवसाचे 8 तास बसलं तरी मशीनवर जेमतेम 5 जातात. बाकीचे मापं घेण्यात, गप्पांत, आणि "उद्या नक्की" म्हणण्यात. दर ठरवताना मी 5 तासच धरलेत. हात दोनच आहेत, त्यामुळे यात फार पैसा नाही, हे आधीच सांगते.

गणवेशांचं एक मोठं कामही सांगून आलं होतं. त्यांचे पैसे 60 दिवसांनी येणार, कापडवाल्याला मात्र 15 दिवसांत द्यायचे. मधले 45 दिवस मी कुठून काढू? नाही म्हटलं. दोन दिवस चुटपुट लागली, खरं सांगते.

बाबा, आता ठेवीचं. सहा महिन्यांचा घरखर्च मी बाजूला काढलाय, सामानाचे पैसे वेगळे. ते संपले आणि दुकान स्वतःच्या पायावर उभं नसलं, तर बंद करून पुन्हा नोकरी. त्यात तुमचे पैसे असले तर मला थांबता येणार नाही. तुमचे तेवढे सुटू देत, म्हणून ओढत बसेन. तुम्ही एकदा नातलगाला जामीन राहिलात आणि मग हप्ते तुम्हीच भरलेत. तेव्हा आईने नवीन चष्मा दोन वर्षं लांबवला होता. मी लहान होते, पण मला आठवतं.

आई, मला तुझं पायमशीन मात्र हवंय. जाड कापडावर ते अजून माझ्या मशीनपेक्षा सरळ चालतं. त्याचा पट्टा धड आहे का, तेवढं बघून ठेव. आणि बॉबिनची ती डबी बाबांनी खिळे ठेवायला घेतली असेल, तर रिकामी करून घे. पुढच्या रविवारी येते.

तुमची,
ताई